ई-पुस्तकाची पाने कोण लावते?

ई-पुस्तक वाचायला कोणते यंत्र घ्यावे, ही चर्चा जवळजवळ नेहमीच पडद्यापासून सुरू होते. ई-इंक घ्यावे की मोबाइलवरच भागवावे, सहा इंच पुरेत की सात हवेत, बॅटरी किती दिवस टिकते, रात्री डोळ्यांना त्रास होतो का? प्रश्न रास्त आहेत, पण वाचन सुखाचे होणार की कष्टाचे हे त्यांतून कळत नाही. छापील पुस्तकात अक्षराचा आकार, ओळीची लांबी, शब्दांतली मोकळी जागा, पान कुठे तोडायचे हे सगळे निर्णय पाने लावतानाच होतात आणि प्रत्येक प्रतीत तसेच उतरतात. ई-पुस्तकात हेच निर्णय वाचक पुस्तक उघडतो त्या क्षणी होतात आणि ते त्याच्या हातातले सॉफ्टवेअर घेते. फाइलमध्ये असतो मजकूर आणि रचनेच्या काही सूचना. त्या सूचना कितपत पाळायच्या, जोडाक्षर कसे जुळवायचे, वाचकाने केलेली खूण कुठे साठवायची, शब्दावर बोट ठेवले तर काय दाखवायचे, हे सॉफ्टवेअर ठरवते. गेल्या तीसेक वर्षांतली हातात मावणारी यंत्रे आणि त्यांवरची वाचनाची सॉफ्टवेअरे क्रमाने पाहिली, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुस्तकाची फाइल आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर जिथे एकमेकांपासून सुटे राहिले, तिथे वाचनाची गुणवत्ता वाढली आणि पुस्तके टिकली. दोन्ही एकाच कंपनीने जिथे एकत्र बांधली, तिथे सोय मिळाली, पण सुधारणा त्या कंपनीच्या मर्जीवर राहिली. इंग्रजी वाचकाला याची थोडी झळ बसली. मराठी वाचकाचे नुकसान त्याहून मोठे आहे, आणि त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

हा फरक पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो पाम पायलटवर. १९९६ साली आलेल्या, खिशात मावणाऱ्या या यंत्राचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा होता. त्यावर इंग्रजीच्या दहा-बारा ओळी जेमतेम मावत. असल्या पडद्यावर लोकांनी कादंबऱ्या वाचल्या याचे श्रेय 'डॉक' नावाच्या एका साध्या फाइल-प्रकाराला द्यावे लागेल. मजकुराचे ४०९६ बाइटचे तुकडे करायचे, ते दाबून लहान करायचे आणि ओळीने ठेवायचे, एवढीच त्याची रचना होती आणि ती सर्वांना माहीत होती. त्यामुळे ॲपोर्टिसडॉक, टीलडॉक, सीस्पॉटरन अशी निरनिराळी सॉफ्टवेअरे एकच फाइल उघडू शकत. एकात नसलेली सोय वाचक दुसऱ्यात शोधी आणि पुस्तक मात्र तेच राही. मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तके याच वाटेने खिशात आली.

विकत घ्यायची ई-पुस्तके आली आणि चित्र बदलले. १९९८ मध्ये पीनट प्रेस पामसाठी पुस्तके विकू लागले, त्याच वर्षी रॉकेट ईबुक हे केवळ वाचनासाठी बनवलेले यंत्र आले, आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट रीडर आले. देखणेपणात त्या काळी मायक्रोसॉफ्ट रीडरचा हात कोणी धरला नसता: प्रशस्त समास, अक्षरांच्या कडा मऊ करणारे क्लिअरटाइप तंत्र, पानाला पुस्तकाची डौलदार ठेवण. पण त्याची फाइल दुसरे कुठलेच सॉफ्टवेअर अधिकृतपणे उघडू शकत नव्हते, आणि विकत घेतलेले पुस्तक उघडण्यासाठी यंत्राची नोंदणी कंपनीकडे करावी लागे. २०१२ मध्ये कंपनीने हे काम थांबवले आणि ती देखणी पाने लावणारेच कोणी उरले नाही. पीनट प्रेसचे कुलूप मात्र निराळ्या प्रकारचे होते. पुस्तक उघडण्याची किल्ली म्हणजे खरेदीदाराचे नाव आणि त्याच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक. कंपनीच्या सर्व्हरला विचारण्याची गरज नसल्यामुळे मालकी हातोहाती बदलत गेली आणि २०१२ च्या अखेरीस दुकान बंद झाले, तरी वाचकाजवळची फाइल उघडत राहिली. दोन्ही पुस्तके कुलूपबंदच होती. एकाचे कुलूप वाचकाच्या हातातल्या किल्लीने उघडत होते, दुसऱ्याचे विक्रेत्याच्या परवानगीने, आणि बारा वर्षांनंतरचा सगळा फरक तेवढ्यावर ठरला.

फ्रान्समधल्या मोबीपॉकेट कंपनीने याच सुमारास एक फाइल पाम, पॉकेट पीसी आणि सिंबियन फोन अशा सगळ्यांवर चालवण्याचा मार्ग धरला. २००५ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या किंडलच्या पुस्तकांचा पाया तोच ठेवला. त्या काळच्या किंडलच्या फाइलचे पोट उघडले, तर आत पामच्या डेटाबेसचाच सांगाडा आणि मजकूर दाबण्याची तीच जुनी रीत सापडते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या यंत्राची रचना सहा इंची ई-इंक पडद्यावर अवतरली होती. किंडल येण्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २००७ मध्ये, ईपब हे सर्वांसाठी खुले मानक प्रसिद्ध झाले होते. सोनी, कोबो, नूक, ॲपल, गूगल यांनी पुढे ईपब स्वीकारले. किंडलने आपली वाट वेगळी ठेवली. हातातल्या यंत्रांची आजची विभागणी त्या एका निर्णयातून निघालेली आहे. किंडलला ईमेलने ईपब पाठवण्याची सोय व्हायला २०२२ उजाडले, आणि तेव्हाही ती फाइल आधी ॲमेझॉनच्या सर्व्हरवर रूपांतरित होते, मगच यंत्रावर उतरते.

सगळ्यांनी ईपब घेतले म्हणजे सगळीकडे सारखे दिसले, असे झाले नाही, आणि खरा पुरावा इथेच आहे. कोबोच्या ई-रीडरमध्ये पाने लावणारी दोन वेगवेगळी इंजिने शेजारी-शेजारी नांदतात. साधी ईपब फाइल अडोबीच्या इंजिनकडे जाते, तर कोबोच्या दुकानातली, केपब म्हणून ओळखली जाणारी फाइल ॲक्सेस या जपानी कंपनीच्या इंजिनकडे. एकच पुस्तक या दोन्ही रूपांत त्याच यंत्रावर ठेवले, तर ओळींमधले अंतर, समास, तळटीप उघडण्याची रीत, प्रकरण संपायला किती वेळ लागेल याचा अंदाज, सगळे बदलते. पडदा तोच, फॉन्ट तोच, मजकूर तोच. बदलते ते फक्त इंजिन. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक यंत्र घेतले, तर हा फरक आणखी उघड होतो, कारण त्यावर किंडल, कोबो, गूगल प्ले बुक्स आणि केओरीडर ही सगळी सॉफ्टवेअरे एकाच पडद्यावर उतरवता येतात. किंडलचेच उदाहरण घ्या. दोन्ही कडा सरळ ठेवणारी जुळणी त्यात पहिल्यापासून होती, पण ओळीच्या शेवटी शब्द तोडायची सोय नव्हती, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडे पडत. २०१५ मध्ये नवे इंजिन आणि बुकर्ली हा फॉन्ट आला आणि लोकांच्या हातातल्या यंत्रांवर केवळ नव्या सॉफ्टवेअरने पान सुधारले. आठ वर्षे लोक ज्या पानाला नावे ठेवत होते, त्यात पडद्याचा दोष फारसा नव्हता.

हे झाले इंग्रजीचे, जिथे अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीत पाने लावणाऱ्या इंजिनला त्याआधी बरेच काम करावे लागते. युनिकोडच्या क्रमात 'कि' लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते; दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. 'अर्थ'मधला र शब्दात थच्या आधी येतो, पण रफार म्हणून थच्या डोक्यावर चढवायचा असतो. हार्फबझ हे खुले सॉफ्टवेअर आज अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस यांत हे काम चोख करते. पण हे कौशल्य सगळीकडे एकाच वेळी पोचले नाही. अँड्रॉइडच्या २०११ साली आलेल्या ४.० आवृत्तीआधीच्या फोनवर देवनागरीची जुळणी भरवशाची नव्हती. वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे, असा मजकूर दिसे. ई-रीडरची इंजिने तर आणखी मागे होती. ज्या सॉफ्टवेअरची घडण खुली होती, त्यात कोणीतरी हार्फबझ आणून जोडले आणि प्रश्न सुटला. कूलरीडरच्या इंजिनवर उभे असलेले केओरीडर हे त्याचे उत्तम उदाहरण. बंदिस्त यंत्राच्या वाचकाला कंपनीला आपली भाषा विकण्याजोगी वाटेपर्यंत थांबावे लागले. ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतली ई-पुस्तके विकायला काढली ती डिसेंबर २०१६ मध्ये, पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनी.

जोडाक्षरे जुळली म्हणजे मराठी दिसू लागली, एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नाही. मराठीच्या स्वतःच्या गरजा त्यापुढे सुरू होतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एक शब्द गुरूंसाठी आहे आणि दुसरा स्वयंपाक्यांसाठी. दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवायचे. फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना एखाद्या सॉफ्टवेअरने 'हे न दिसणारे चिन्ह निरुपयोगी' असे समजून ते गाळले, की आचाऱ्यांचे आचार्य होतात, दऱ्यांचा दर्या होतो, आणि वाचकाला वाटते की मुद्रितशोधकाने डुलकी घेतली. ल आणि श या अक्षरांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवली आणि या अक्षरांची मराठी वळणे पक्की केली. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे साठवलेली असतात, पण मराठी वळण उमटते ते फाइलवर 'भाषा मराठी' अशी खूण असली आणि इंजिनने ती खूण फॉन्टपर्यंत पोचवली तरच. फाइल तयार करताना साच्यातली इंग्रजीची खूण तशीच राहिली, तर वाचकाला हिंदी वळणाचा ल वाचावा लागतो.

ओळ तोडण्याचा प्रश्न मराठीत इंग्रजीपेक्षा अवघड आहे. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. 'विद्यापीठांमधल्यांनासुद्धा' हा शुद्ध मराठीत एकच शब्द आहे. आजच्या साडेसहा इंची फोनची रुंदी पावणेतीन इंचांच्या आत-बाहेर असते. एवढ्या रुंदीत वाचनीय आकाराचे पाच-सहा मराठी शब्द बसतात, आणि असा लांब शब्द आला की तो सबंध खाली ढकलला जातो. वरच्या ओळीत मग मोठी पोकळी राहते. मराठी छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडून संयोगचिन्ह देण्याची पद्धत जुनी आहे, आणि टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी मराठी शब्द कुठे तोडावेत याचे नियम तयार होऊन सर्वांसाठी खुले झालेले आहेत. कुठल्याही कंपनीने ते उचलून आपल्या ॲपमध्ये घालायला हरकत नव्हती. तरी बाजारातल्या बहुतेक ॲपमध्ये मराठी वाचकाला दोनच मार्ग उरतात: उजवी कड ओबडधोबड ठेवा किंवा शब्दांतली भगदाडे सोसा.

शोध आणि शब्दकोश या ई-पुस्तकाच्या खास सोयी मानल्या जातात. छापील पुस्तकापेक्षा ते सरस असेल, तर त्या बळावर. मराठीत या दोन्ही सोयी लंगड्या आहेत. पुस्तकात र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह असा 'दऱ्या' असेल आणि वाचकाच्या कळफलकाने ऱ वापरून तो शब्द लिहिला असेल, तर दोन्ही रूपे एकच मानणारे सॉफ्टवेअर ते पान शोधून देते. तसे न मानणारे 'सापडले नाही' म्हणते. 'ॲ' हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवत. एकाच लेखकाच्या जुन्या आणि नव्या पुस्तकांत ही दोन्ही रूपे मिसळलेली असू शकतात. शब्दकोशाची अडचण याहून खोल आहे. वाचक बोट ठेवतो 'घोड्यांवरून'वर आणि कोशात नोंद असते 'घोडा'. इंग्रजीसाठी मोबीपॉकेटच्या काळापासून चालत आलेला उपाय असा, की प्रत्येक शब्दाखाली त्याची सगळी रूपे साठवून ठेवायची. मराठीत सामान्यरूप, त्यावर प्रत्यय, त्यावर अव्यय, त्यावर 'ही' किंवा 'च' अशा थरांतून एकेका नामाची शेकडो रूपे होतात. यादी पुरत नाही. शब्द सोलून मुळापर्यंत जाणारे सॉफ्टवेअर लागते. कोश नाहीत असे मुळीच नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बाहेरून आणलेला कोश स्टारडिक्टसारख्या खुल्या प्रकारात केओरीडरमध्ये बसवता येतो. हातातल्या सॉफ्टवेअरने बाहेरचा कोश घेतलाच नाही, तर मराठी वाचकाला विक्रेत्याने दिलेल्या कोशांवरच थांबावे लागते.

यावर पहिला आक्षेप पीडीएफच्या बाजूने येतो, आणि मराठीत तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मराठीतले फुकट ई-वाङ्मय मोठ्या प्रमाणावर पीडीएफमध्येच आहे. ई साहित्य प्रतिष्ठानने वर्षानुवर्षे पीडीएफमधून हजारो वाचकांपर्यंत मराठी पुस्तके नेली, हे मोलाचे काम आहे. पीडीएफमध्ये पान आधीच लावलेले असते, त्यामुळे कुठल्याही यंत्राचे इंजिन त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. देवनागरी जुळणीचा भरवसा नव्हता तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्याची किंमत मोजून पाहू. साडेपाच इंच रुंदीचे डेमी आकाराचे पान पावणेतीन इंची फोनवर आणले, तर ते निम्मे होते. बारा पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटचे होते. सहा इंची ई-रीडरवर तेच अक्षर आठ पॉइंटच्या आसपास राहते. बोटांनी मोठे करावे तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. पीडीएफमधला मजकूर उपसून काढून तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा मांडावा, तर पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृती बहुधा डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेल्या असतात; उपसताना वेलांट्या आणि रफार विस्कटतात. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले पुस्तक असेल, तर हाती येतात ती निरर्थक रोमन अक्षरे. दहा इंची टॅब्लेट असलेल्या वाचकाला पीडीएफ पुरेशी आहे, हे मान्य. मराठी वाचकांच्या हातात मात्र सर्वांत जास्त आहेत ते फोन.

पीडीएफमुळे ज्यांचे दार पूर्ण बंद होते, ते वाचक या चर्चेत क्वचितच येतात. दृष्टिहीन वाचकासाठी सॉफ्टवेअरने मजकूर मोठ्याने वाचणे हाच वाचनाचा मार्ग आहे. स्कॅन केलेल्या पानात मजकूरच नसतो, असते नुसते चित्र. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये जो मजकूर असतो, तो कोणालाही उच्चारता येणार नाही. अंध वाचकांसाठी पुस्तकांची सुगम रूपे बनवण्याची मोकळीक देणारा २०१३ चा माराकेश करार सर्वांत आधी मान्य केला तो भारताने, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली. कायद्याचा अडसर दूर झाला आहे. सॉफ्टवेअरच्या बाजूने मात्र अजून विक्रेत्याची मर्जी चालते. २००९ मध्ये दुसऱ्या किंडलने पुस्तक मोठ्याने वाचण्याची सोय आणली तेव्हा अमेरिकेतल्या लेखकसंघटनेने हरकत घेतली, आणि प्रत्येक पुस्तकासाठी ही सोय बंद ठेवण्याचा अधिकार प्रकाशकांना देण्यात आला. युरोपीय संघाने २८ जून २०२५ पासून ई-पुस्तके आणि ती वाचण्याची सॉफ्टवेअरे सर्वांना वापरता येतील अशी ठेवणे बंधनकारक केले, ते याच अनुभवांनंतर.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. एकाच कंपनीकडे यंत्र, दुकान आणि सॉफ्टवेअर असले की सगळे विनासायास चालते: फोनवर थांबलेले पुस्तक ई-रीडरवर त्याच ओळीपासून उघडते, पुस्तक हरवत नाही, फाइलींची उठाठेव करावी लागत नाही. ही सोय खरी आहे. केओरीडरमध्येही वाचनाची जागा एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते, पण दोन्हीकडे तेच सॉफ्टवेअर आणि तीच फाइल लागते, आणि सुरुवातीची मांडणी स्वतःच करावी लागते. सगळ्यांकडून तशी अपेक्षा करता येणार नाही. मात्र सोयीच्या बदल्यात वाचक काय देतो, तेही पाहायला हवे. जुलै २००९ मध्ये एका विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' यांच्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. पण त्या पुस्तकावर अभ्यासासाठी टिपा काढणाऱ्या एका विद्यार्थ्याने न्यायालयात दाद मागितली, कारण टिपा उरल्या होत्या आणि ज्या ओळींवर त्या होत्या त्या ओळी गेल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले दुसरे ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा सर्वांचे पैसे परत केले आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर जास्त दिले. वाचकाच्या टिपांना किंमत आहे, हे कंपनीनेच त्यातून मान्य केले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये नेण्याची सोयही काढून टाकली.

टिपांविषयी अधिक सांगायला हवे, कारण अभ्यास करणाऱ्या वाचकासाठी निवड याच मुद्द्यावर व्हायला हवी. किंडल यंत्र निवडलेले उतारे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवते; केबल लावली की ती कोणालाही वाचता येते. किती भाग उतरवता येईल यावर प्रकाशकाची मर्यादा असू शकते, तरी ही व्यवस्था उत्तम आहे. कोबो खुणा एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवते, ती उघडायला थोडे कसब लागते. गूगल प्ले बुक्स खुणा वाचकाच्या गूगल ड्राइव्हमधल्या दस्तऐवजात उतरवू शकते. वेबवरच्या टिपांसाठी एक सामाईक मानक २०१७ पासून अस्तित्वात आहे. ते पाळले असते तर एका ॲपमधल्या खुणा दुसऱ्यात सहज उघडल्या असत्या. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ॲप निवडताना फॉन्टपेक्षा हे आधी तपासावे.

प्रकाशकांचा आक्षेप चोरीचा असतो. फाइल मोकळी दिली तर ती गावभर फिरेल, म्हणून आमच्याच ॲपमध्ये कुलूपबंद ठेवावी लागते, असे ते म्हणतात. लेखकाचे मानधन त्यावर अवलंबून असल्यामुळे ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही. पण मराठीत जी पुस्तके टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर फिरताना दिसतात, ती बहुतांशी छापील प्रती स्कॅन करून बनवलेली असतात. ई-पुस्तकाच्या कुलपाचा तिथे संबंधच येत नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या सगळ्या ई-पुस्तकांवरचे कुलूप काढले, आणि वर्षभरानंतर चोरी वाढल्याचे दिसत नाही असे त्यांच्या ब्रिटिश शाखेने जाहीर केले. कुलपाऐवजी फाइलमध्ये खरेदीदाराची ओळख विणून ठेवण्याचा मधला मार्गही आहे; हॅरी पॉटरची ई-पुस्तके २०१२ मध्ये बाजारात आली ती तशीच. बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्यांनी स्वतःचे ॲप बनवले त्यामागे चोरीची चिंता असेल, देवनागरी नीट दिसावी ही काळजीही असेल, आणि ज्या काळात मोठ्या कंपन्यांनी मराठीकडे पाहिलेही नव्हते त्या काळात त्यांनी मराठी पुस्तक पडद्यावर आणले. आता ती परिस्थिती बदलली आहे. स्वतंत्र ॲप म्हणजे स्वतंत्र इंजिन, आणि ते सांभाळण्याचा, प्रत्येक नव्या फोनसाठी दुरुस्त करण्याचा खर्च लहान विक्रेत्याला पेलत नाही. रीडियम हा खुला प्रकल्प २०१२ पासून ईपब दाखवणारे तयार इंजिन पुरवतो. त्यावर आधारलेले, अनेक ॲपमध्ये चालणारे कुलूपही उपलब्ध आहे.

राहिला खर्च. मराठी प्रकाशकांकडे दशकांचा साठा जुन्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरच्या फाइलींत पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते नेमके रफार, अर्धा र आणि अनुस्वार यांपाशी चुकतात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला पुन्हा मुद्रितशोधक लागतो. हा खर्च टाळता येणार नाही. फक्त तो एकदाच करायचा असतो आणि त्यातून निघालेली ईपब फाइल किंडल, कोबो, फोन, अंधांसाठीचे वाचनयंत्र या सगळ्यांना पुरते. नव्या पुस्तकांसाठी तर फारसे काही करावे लागत नाही: युनिकोडमध्ये जुळवणी, प्रकरणांच्या शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण, 'भाषा मराठी' ही नोंद, मुक्तासारखा खुला आणि मराठी वळणे असलेला फॉन्ट. जुन्यांत क्रम लावायचा झाल्यास सर्वांत आधी घ्यावीत ती पुस्तके, ज्यांची छापील प्रत दुकानात मिळत नाही आणि वाचकांच्या फोनवर ज्यांची फक्त स्कॅन केलेली पाने आहेत.